३ टीबीचा व्हॉल्यूम, ३२० जीबीचा माल: सर्व्हर बदलताना जागेचा हिशेब

रात्री अकराला कमांड दिली, आकडा पुढे सरकतोय एवढं पाहिलं आणि लॅपटॉप मिटून झोपलो. जुन्या सर्व्हरवरचा ३ टीबीचा व्हॉल्यूम (सर्व्हरला डिस्कसारखा दिसणारा साठ्याचा तुकडा) नव्या सर्व्हरवर न्यायचा होता. आत माल जेमतेम ३२० जीबी आणि नव्या सर्व्हरच्या पूलमध्ये, म्हणजे सगळे व्हॉल्यूम जिथून जागा घेतात त्या सामायिक साठ्यात, मोकळी जागा ९०० जीबी. जवळजवळ तिप्पट जागा आहे, मग काळजी कसली? सकाळी ग्राहकाचा फोन आला तो भलत्याच तक्रारीचा: हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद पडलंय. ते सॉफ्टवेअर त्याच पूलमधल्या दुसऱ्या व्हॉल्यूमवर चालत होतं. रात्री सव्वाच्या सुमारास पूल काठोकाठ भरला होता. माझी कॉपी बुडालीच, वर शेजाऱ्यालाही घेऊन बुडाली.

चूक माझीच. मी डीडी वापरलं होतं, म्हणजे डिस्क जशीच्या तशी उचलणारी कमांड. कुठे फाइल आहे आणि कुठे मोकळं रान आहे, हे डीडीला कळत नाही. पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत जे दिसेल ते उचलायचं, शून्यंसुद्धा. आणि थिन व्हॉल्यूमवर, म्हणजे लिहू तशी पूलमधून जागा घेत जाणाऱ्या व्हॉल्यूमवर, शून्य लिहिलं तरी ते लिहिणंच असतं. त्यासाठी पूलमधून खरी जागा कापून दिली जाते. ३२० जीबीच्या मालासाठी मी ३ टीबी जागा मागत होतो, आणि हे मला कॉपी सुरू करण्याआधी दोन मिनिटांत कळलं असतं.

खाली जे लिहिलंय ते लिनक्स सर्व्हर, एलव्हीएम (डिस्कचे व्हॉल्यूम पाडणारी लिनक्सची व्यवस्था) आणि ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस फाइलसिस्टिम (व्हॉल्यूमवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) धरून. कमांडची नावं देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची. पर्यायात लहान-मोठ्या अक्षराने फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी तीन मापं घ्या

गच्चीवरचं पाण्याचं पिंप डोळ्यांपुढे आणा. पिंपाचा आकार २०० लिटर. आतल्या बाजूला ओलाव्याची रेघ १२० लिटरपाशी, कारण कधीतरी पाणी तिथवर चढलं होतं. आज आत पाणी मात्र ४० लिटर. व्हॉल्यूमचंही तसंच. एक जाहीर आकार, दुसरं पूलमधून आजवर कापून घेतलेली जागा आणि तिसरा आजचा खरा माल. थिन व्हॉल्यूममधल्या फाइली पुसल्या तरी ओलाव्याची रेघ आपोआप खाली येत नाही. फाइलसिस्टिमला ती जागा मोकळी झाल्याचं माहीत असतं, पूलला नसतं.

जुन्या सर्व्हरवर ही तिन्ही मापं कागदावर उतरवा. जाहीर आकारासाठी ब्लॉकडेव्ह कमांडला 'गेटसाइझ६४' हा पर्याय द्या, म्हणजे नेमके बाइट मिळतात. माझ्या व्हॉल्यूमचे होते ३,२९८,५३४,८८३,३२८. ओलाव्याच्या रेघेसाठी एलव्हीएमची एलव्हीएस ही कमांड चालवा आणि डेटा टक्केवारीचा रकाना पाहा. थिन व्हॉल्यूमपुढे १८ टक्के दिसले तर जाहीर आकाराच्या १८ टक्के जागा पूलमधून गेली आहे. आजच्या मालासाठी नेहमीचं डीएफ, फाइलसिस्टिम किती भरली ते सांगणारं.

जीबी आणि टीबीच्या घोळात अडकू नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, डीएफला लहान एच दिला की ते १०२४ च्या पटीत मोजतं. म्हणून खोक्यावर ४ टीबी लिहिलेली डिस्क आत ३.६४ टीबी दिसते. कोणी फसवलेलं नसतं, पण '४ टीबीचा व्हॉल्यूम ४ टीबीच्या डिस्कवर बसेल' असं गृहीत धरणाऱ्याचं घोडं इथेच अडतं. तुलना नेहमी बाइटमध्ये करा.

डीएफचा आकडा आणि एकेक फाइल मोजत जाणाऱ्या डीयूचा आकडा जुळेलच असं नाही, आणि तो का जुळत नाही हे पाहणं हीच निम्मी तयारी. डीएफ जास्त दाखवत असेल तर बहुधा कुणीतरी मोठी लॉग फाइल पुसली आहे, पण ती उघडून बसलेला प्रोग्रॅम अजून चालू आहे. फाइल यादीतून गेली, जागा मात्र सुटलेली नाही. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफला 'अधिक, मोठा एल, १' दिलं की अशा फाइली दिसतात. संबंधित सेवा रीस्टार्ट केली की जागा परत. दुसरा प्रकार उलटा: डीयूला 'अ‍ॅपरंट साइझ' हा पर्याय दिला की आकडा एकदम फुगतो. याचा अर्थ आत विरळ फाइली आहेत, म्हणजे कागदोपत्री १०० जीबी आणि डिस्कवर १२ जीबी असलेल्या. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क-फाइली बऱ्याचदा अशा असतात. त्या नीट नेल्या नाहीत तर पलीकडे पूर्ण १०० जीबी घेऊन बसतील.

तिसरी गोष्ट हार्ड लिंक, म्हणजे एकाच फाइलला दिलेली अनेक नावं. रोजच्या बॅकअपचे तीस फोल्डर, पण न बदललेल्या फाइली एकमेकांना हार्ड लिंकने जोडलेल्या, ही पद्धत अनेक ठिकाणी आहे. डीयू एका फेरीत अशी फाइल एकदाच मोजतं, म्हणून आकडा छोटा दिसतो. कॉपी करताना लिंक तुटली तर एकाच्या तीस प्रती होतात. आणि जुनी फाइलसिस्टिम झेडएफएस किंवा बीटीआरएफएस असून तिच्यावर कॉम्प्रेशन चालू असेल, तर ईएक्सटी४ वर तोच माल जास्त जागा घेणार हे धरूनच चाला.

नव्या सर्व्हरची जागा तपासा

ईएक्सटी४ तयार करताना ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य प्रशासक खात्यासाठी) राखून ठेवली जाते. ३ टीबीवर हे सुमारे १५० जीबी होतात. सिस्टिम डिस्कवर ही राखीव जागा असावीच. निव्वळ डेटाच्या व्हॉल्यूमवर ट्यून२एफएसला लहान एम देऊन ती १ टक्का करायला माझी हरकत नसते.

त्यानंतर आयनोड, म्हणजे फाइलसिस्टिममधली फाइलची नोंद. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि ईएक्सटी४ मध्ये त्यांची संख्या फाइलसिस्टिम तयार करतानाच ठरते, नेहमीच्या मांडणीत दर १६ केबीमागे एक. ३ टीबीवर ते २० कोटींच्या घरात जातात, म्हणजे भरपूर. पण कुणी मोठ्या फाइलींसाठी म्हणून दर १ एमबीमागे एक अशी मांडणी केली असेल तर जेमतेम साडेएकतीस लाख उरतात. मेल सर्व्हरवर बऱ्याचदा प्रत्येक पत्राची वेगळी फाइल असते. तिथे अर्धी डिस्क मोकळी असताना 'जागा शिल्लक नाही' असा संदेश येतो आणि माणूस चक्रावतो. जुन्या सर्व्हरवर डीएफला लहान आय देऊन वापरलेले आयनोड मोजा आणि नव्यावर त्याहून बरेच जास्त आहेत का ते पाहा. ही संख्या नंतर नुसती बदलता येत नाही, फाइलसिस्टिमच नव्याने करावी लागते. एक्सएफएस गरजेप्रमाणे आयनोड तयार करतं, म्हणून तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. पण तिथे दुसरी अट आहे: एक्सएफएस वाढवता येतं, आपल्याला लागतं तसं लहान करता येत नाही. '३ टीबीचा तसाच नेऊ, मग ५०० जीबीचा करू' हा बेत तिथे चालत नाही.

शेवटी पूल. एलव्हीएसला लहान ए देऊन थिन पूलचे दोन आकडे पाहा: डेटाची टक्केवारी आणि मेटाडेटाची, म्हणजे कुठला तुकडा कुणाचा या नोंदींची, टक्केवारी. दुसऱ्याकडे कोणी बघत नाही, आणि मेटाडेटा भरणं हे डेटा भरण्याहून जास्त त्रासाचं. पूल आपोआप वाढवण्याची सोय एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये आहे, पण तिचा उंबरठा मुळात १०० वर असतो, म्हणजे ती बंदच असते. मी तो ८० आणि वाढीची टक्केवारी २० ठेवतो. अर्थात व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे पूल ज्यातून कापला त्या डिस्कांच्या गटात, मोकळी जागा असेल तरच वाढ होणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पूल भरला की नेहमीच्या सेटिंगमध्ये लिहिण्याच्या मागण्या ६० सेकंद ताटकळत राहतात आणि मग चुका परत जाऊ लागतात. पूलमधल्या सगळ्या व्हॉल्यूमना. त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं नेमकं हेच झालं होतं.

फाइली न्यायच्या की ब्लॉक?

शक्य असेल तिथे फाइली न्या, असं माझं स्पष्ट मत आहे. फाइली नेल्या की फक्त आजचं पाणी जातं, पिंप नव्या मापाचं घेता येतं, फाइलसिस्टिम बदलता येते, मध्येच तुटलं तर उरलेलं तेवढंच पुन्हा पाठवता येतं. ब्लॉक न्यायचे, म्हणजे व्हॉल्यूमचे तुकडे जसेच्या तसे उचलायचे, ते आत व्हर्च्युअल मशीनची संपूर्ण डिस्क असेल तेव्हा, आतल्या फाइलसिस्टिमपर्यंत आपला हात पोहोचत नसेल तेव्हा, किंवा कोट्यवधी बारीक फाइली असतील आणि एकेक उघडून न्यायला दिवसचे दिवस लागणार असतील तेव्हा.

चालू डेटाबेसची फोल्डर यापैकी कुठल्याच मार्गाने तशीच उचलू नका. डेटाबेसची स्वतःची बॅकअपची साधनं वापरा किंवा सेवा थांबवा.

फाइलींचा मार्ग: आरसिंक

सगळ्यात आधी, नवा व्हॉल्यूम खरंच माउंट झाला आहे का, म्हणजे त्याच्या फोल्डरला जोडला गेला आहे का? हे विचारायला बावळट वाटतं. पण माउंट झालेला नसताना त्याच नावाची रिकामी फोल्डर तिथे असतेच, फाइली कॉपी करणारं आरसिंक निमूट तीत भरत जातं आणि नव्या सर्व्हरची सिस्टिम डिस्क फुल्ल होते. नंतर व्हॉल्यूम माउंट केला की तो माल त्याच्याखाली झाकला जातो आणि डिस्क कशाने भरली हेच सापडत नाही. स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी माउंटपॉइंट ही कमांड ठेवा; ती अयशस्वी झाली की पुढे जायचंच नाही. आणखी पक्का बंदोबस्त हवा असेल तर व्हॉल्यूम माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडने 'अधिक आय' लावा. मग माउंट नसेल तर रूटलासुद्धा तिथे काही लिहिता येत नाही.

आता पर्याय. नुसता लहान ए पुरेसा आहे असा समज सर्रास दिसतो. त्यात हार्ड लिंक, एसीएल (फाइलीवरच्या जादा परवानग्या) आणि जादा अ‍ॅट्रिब्यूट येत नाहीत. त्यासाठी अनुक्रमे मोठा एच, मोठा ए आणि मोठा एक्स. विरळ फाइली विरळ राहाव्यात म्हणून मोठा एस. एकाच फाइलसिस्टिमपुरतं राहावं, आत माउंट केलेल्या दुसऱ्या डिस्कमध्ये शिरू नये म्हणून लहान एक्स. दोन्ही सर्व्हरवर वापरकर्त्यांचे क्रमांक वेगळे असू शकतात, तेव्हा 'न्यूमेरिक आयडीज'. मोठा एच स्मृती खातो, कारण आरसिंकला लिंकांची यादी लक्षात ठेवावी लागते. मोठ्या बॅकअपसाठी तेवढी रॅम आहे का ते पाहा.

आणि उगमाच्या वाटेच्या शेवटी असलेली तिरकी रेघ! ती असेल तर फोल्डरच्या आतला माल जातो, नसेल तर फोल्डरसकट जातो. पहिली फेरी रेघेसह आणि दुसरी रेघेविना झाली की पलीकडे सगळं दोनदा उभं राहतं. जागा दुप्पट लागलेली मी पाहिली आहे, तिचं कारण दहापैकी निम्म्या वेळा हेच.

आधी लहान एन देऊन नुसती रंगीत तालीम करा, सोबत 'स्टॅट्स'. एकूण फाइलींचा आकार आणि प्रत्यक्ष पाठवायचा आकार, दोन्ही कळतात. हा एकूण आकडा कागदोपत्री आकारांची बेरीज असते, डिस्कवरच्या जागेची नव्हे. विरळ फाइली असतील तर तो पाहून घाबरू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत एक छुपा खर्च येतो. फाइल बदलली असेल तर आरसिंक पलीकडे तिची नवी प्रत तात्पुरत्या नावाने तयार करतं आणि पूर्ण झाल्यावर जुनीच्या जागी बसवतं. ४०० जीबीची एकच डिस्क-फाइल असेल तर तेवढ्या वेळापुरती आणखी ४०० जीबी लागणार. 'इनप्लेस' दिलं की ते जुन्या फाइलमध्येच लिहितं आणि ही जागा वाचते. मात्र मध्येच वीज गेली तर ती फाइल अर्धी जुनी, अर्धी नवी अशी पडून राहते. पुन्हा आरसिंक चालवलं की सुधारते, पण तोवर ती वापरायची नाही. जुन्या सर्व्हरवर पुसलेल्या फाइली नव्यावरूनही काढायच्या असतील तर 'डिलीट'. नव्यावर जागा अगदी तंग असेल तर 'डिलीट बिफोर' घ्या, म्हणजे आधी जागा मोकळी होते आणि मग भरणं सुरू होतं.

बारीक फाइलींचा हिशेब वेगळा. ईएक्सटी४ वर सहसा ४ केबीचा ब्लॉक असतो, म्हणून १ केबीची फाइलही ४ केबी घेते. अशा ४० लाख फाइली कागदावर ४ जीबी आणि डिस्कवर १६ जीबी.

बऱ्याच जणांना आधी टार किंवा झिप करून मग पाठवायची सवय असते. ज्या डिस्कवर जागा संपत आली म्हणून सर्व्हर बदलतोय त्याच डिस्कवर आणखी एक भलामोठा गठ्ठा कशाला? टारच हवं असेल तर पाइपमधून एसएसएचद्वारे थेट पलीकडे उलगडा, मोठा एस देऊन. मध्ये कुठेही फाइल तयार होत नाही.

ब्लॉकचा मार्ग: डीडी, पण शहाणपणाने

पहिलं काम ओलाव्याची रेघ खाली आणायचं. व्हॉल्यूम माउंट असताना त्यावर मोकळी जागा पूलला परत देणारं एफएसट्रिम चालवा, लहान व्ही दिलं की किती मोकळं केलं तेही सांगतं. व्हर्च्युअल मशीनची डिस्क असेल तर ते मशीनच्या आतून चालवायचं, आणि मशीनच्या सेटिंगमध्ये त्या डिस्कला डिस्कार्ड (जागा अशी परत देण्याची सोय) चालू असायला हवं. नंतर एलव्हीएसमधली टक्केवारी पुन्हा पाहा. ५५ वरून ११ वर आलेली पाहिली की बरं वाटतं! थिन व्हॉल्यूममधल्या अशा सोडलेल्या जागा वाचताना शून्य येतात, आणि पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे. व्हॉल्यूम थिन नसेल, जुन्या पद्धतीचा सलग असेल, तर ट्रिमवर विसंबू नका. ईएक्सटी४ असेल तर तो अनमाउंट करून झीरोफ्री चालवा. ते मोकळ्या ब्लॉकमध्ये शून्यं भरतं.

मग व्हॉल्यूम स्थिर करा. अनमाउंट करता आला तर उत्तम. नसेल तर स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घ्या, पण त्यालाही जागा लागते. जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटला आधीच जागा नेमून द्यावी लागते, आणि कॉपी चालू असताना मूळ व्हॉल्यूमवर त्याहून जास्त बदल झाले तर स्नॅपशॉट निकामी होतो. सहा तासांची कॉपी पाचव्या तासाला वाया. थिन स्नॅपशॉटला वेगळी जागा नेमावी लागत नाही, तो पूलमधूनच घेतो. फक्त तो आपोआप सक्रिय होत नाही, एलव्हीचेंजला मोठा के द्यावा लागतो.

नव्या सर्व्हरवर नवा कोरा थिन व्हॉल्यूम तयार करा. आकार मघाशी लिहिलेल्या बाइटमध्ये द्या, शेवटी लहान बी लावून. एक बाइटही कमी नको. जास्त झाला तर चालतो.

पाठवणाऱ्या बाजूला डीडी वाचेल, झेडएसटीडी आवळेल, एसएसएच नेईल. घेणाऱ्या बाजूला झेडएसटीडी उलगडेल आणि डीडी लिहील. कळीचा मुद्दा या शेवटच्या डीडीचा. त्याला 'कॉन्व्ह' मध्ये 'स्पार्स' द्या, म्हणजे सगळीच शून्यं असलेला तुकडा तो लिहीत नाही, ओलांडून पुढे जातो. तुकड्याचा आकार ६४ केबी ठेवा आणि 'आयफ्लॅग' मध्ये 'फुलब्लॉक'. सवयीने आपण ४ एमबी लिहितो, पण ४ एमबीत एक बाइट जरी शून्याव्यतिरिक्त असला तरी पूर्ण ४ एमबी लिहिले जातात. थिन पूलचा तुकडा मुळात ६४ केबीचा असतो, मोठ्या पूलमध्ये त्याहून मोठा असू शकतो. त्याच्याशी जुळवून घेतलं की जागा नेमकी लागते.

ही युक्ती फक्त कोऱ्या थिन व्हॉल्यूमवरच चालवा. सलग व्हॉल्यूम नवा तयार केला तरी त्याच्या जागेवर आधी पुसलेल्या व्हॉल्यूमचे अवशेष असतात. एलव्हीएम सुरुवातीचे फक्त ४ केबी साफ करतं. स्पार्स शून्यं ओलांडून जाणार, म्हणजे जिथे शून्य हवं तिथे जुना कचरा राहणार, आणि फाइलसिस्टिम कधी बिघडेल सांगता येणार नाही. आधी एकदा वापरलेल्या थिन व्हॉल्यूमलाही हेच लागू.

माल व्हॉल्यूममध्ये नसून व्हर्च्युअल मशीनच्या क्यूकाउ२ प्रकारच्या डिस्क-फाइलमध्ये असेल तर डीडीच्या वाटेला जाऊच नका. क्यूईएमयू-इमेज या कमांडचं कन्व्हर्ट शून्यं स्वतःच गाळतं. पण आत साठवलेले स्नॅपशॉट त्यात येत नाहीत, ते हवे असतील तर मूळ फाइलच विरळ ठेवून न्यावी लागते.

चालू असताना

गिगाबिट जोडणीवर सेकंदाला सुमारे ११० एमबी धरा. ३२० जीबीला साधारण पाऊण तास, शून्यांसकट ३ टीबीला सव्वाआठ तास. १०० मेगाबिटची जोडणी असेल तर १ टीबीलाच २२ तासांहून जास्त. कॉपी टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवा, म्हणजे लॅपटॉपचं नेट गेलं तरी ती मरत नाही. दुसऱ्या खिडकीत वॉच लावून दर मिनिटाला एलव्हीएस किंवा डीएफ पाहत राहा. पहिल्या दहा मिनिटांतच दिशा कळते: १० जीबी माल गेला आणि पूलमधून ९० जीबी गेले, तर लगेच थांबवा. मी त्या रात्री दहा मिनिटं थांबलो असतो तर हे दिसलंच असतं. आता पूल ८५ टक्क्यांच्या वर गेला की कॉपी आपोआप थांबवणारी चार ओळींची स्क्रिप्ट मी सोबत चालवतो, मग झोपतो.

पडताळणी आणि जुन्या जागेची मुक्तता

फाइली नेल्या असतील तर आरसिंकची आणखी एक फेरी लहान एन, लहान सी आणि लहान आय देऊन. दोन्हीकडच्या फाइली वाचून ताळा केला जातो, वेळ लागतो. यादी रिकामी आली की जुळलं. ब्लॉक नेले असतील तर दोन्ही बाजूंचं शा-२५६, म्हणजे सगळ्या बाइटवरून निघणारा ताळा, काढा. नवा व्हॉल्यूम थोडा मोठा असेल तर पूर्ण व्हॉल्यूमचा ताळा जुळणारच नाही. हेडला लहान सी देऊन जुन्याएवढेच बाइट वाचा आणि त्यांचा ताळा काढा. एक्सएफएसची प्रत त्याच मशीनवर मूळ व्हॉल्यूमशेजारी माउंट करायची असेल तर माउंटला 'नोयूयूआयडी' हा पर्याय लागेल.

जुना व्हॉल्यूम लगेच पुसू नका. एलव्हीचेंजने तो फक्त-वाचनीय करा, एलव्हीरीनेमने नावापुढे तारीख लावा आणि महिनाअखेरीचे हिशेब नव्या सर्व्हरवर एकदा पार पडू द्या. स्नॅपशॉट मात्र त्याच दिवशी काढा; विसरलेला स्नॅपशॉट मूळ व्हॉल्यूमवरच्या प्रत्येक बदलागणिक जागा खात राहतो. मग एलव्हीरिमूव्ह, आणि पूलची टक्केवारी खरंच खाली आली का ते एकदा पाहणं.

नव्या सर्व्हरवर एफएसट्रिमचा टायमर चालू करून ठेवा, तो आठवड्यातून एकदा चालतो. व्हर्च्युअल मशीन असतील तर प्रत्येकीच्या आतही.